रांझीचे शिकाऊ उमेदवार आणि कलम २२

संसदेच्या प्रत्येक अधिवेशनात कौशल्य विकासावर प्रश्न विचारले जातात आणि प्रत्येक वेळी लेखी उत्तरात एक भलामोठा आकडा असतो. इतक्या लाख तरुणांना प्रशिक्षण दिले, इतक्या लाखांना प्रमाणपत्रे दिली. त्यांपैकी कितींच्या हाताला काम मिळाले, हा उपप्रश्न मात्र सभागृहाच्या गोंगाटात विरून जातो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत, म्हणजे २०१५-१६ ते २०२१-२२ या काळात, अल्पमुदतीच्या प्रशिक्षणानंतर मिळालेल्या नोकऱ्यांची नोंद ठेवली जात होती. प्रमाणपत्रधारकांपैकी निम्म्यांनाही काम मिळाले नव्हते, हे त्या नोंदींवरून दिसत होते. चौथा टप्पा आला तेव्हा उमेदवाराला निरनिराळ्या वाटांमधून आपली वाट निवडण्यास सक्षम करणे हा योजनेचा भर असल्याचे सरकारने संसदेला सांगितले आणि नोकऱ्यांची मोजदाद मागे पडली. ताप हटत नाही म्हणून तापमापकच पेटीत ठेवून देण्याचा हा प्रकार होय.

या धोरणाचा खरा अर्थ समजून घ्यायचा असेल तर नॉर्थ ब्लॉक आणि श्रमशक्ती भवन सोडून जबलपूरच्या पूर्वेकडील रांझीकडे पाहावे लागते. रांझी ही कारखान्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती. जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, १९०४ साली उभा राहिला. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना १९४२ मध्ये खमरियाचा दारूगोळा कारखाना आला. १९६९ मध्ये रांझीलगत वाहन निर्माणी सुरू झाली आणि पुढे ग्रे आयर्न फाउंड्री. एका पिढीच्या सैनिकाला ज्या शक्तिमान ट्रकने आणि जोंगा गाडीने सीमेपर्यंत नेले, त्या गाड्या याच शहरातल्या कामगारांनी जुळवल्या. कारखान्यांच्या वसाहती, त्यांना सुटे भाग पुरवणारी रिछाईची औद्योगिक वसाहत, गोकलपूरचे १९४७ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, हे सारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहे. हाताला हुन्नर असलेल्या मुलाने कोठे जावे, असा प्रश्न येथे एकेकाळी पडत नसे.

मराठी वाचकाला हा भूगोल परका नाही. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. संरक्षण उत्पादनाच्या नकाशावर ही जवळीक नंतरही टिकली. आयुध निर्माणी मंडळाच्या ४१ कारखान्यांपैकी दहा महाराष्ट्रात आणि सहा मध्य प्रदेशात. त्यामुळे भुसावळ, वरणगाव, अंबाझरी, भंडारा, खडकी आणि खमरिया ही नावे बदलीच्या आदेशांत एकाच दमात येत. अशा बदल्यांबरोबर जबलपुरात आलेली आणि तेथेच रुजलेली मराठी कुटुंबे थोडी नाहीत. म्हणूनच रांझीत जे घडते आहे ते उद्या जवाहरनगरात किंवा देहूरोडला घडणार आहे असे म्हणण्यापेक्षा, ते तेथेही घडतेच आहे असे म्हणणे अधिक योग्य.

काय घडते आहे? दहावीनंतर आयटीआय करायचे, जोडारी, कातारी, यंत्रकारागीर किंवा वीजतंत्री या व्यवसायाचे प्रमाणपत्र घ्यायचे, मग १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करायची, अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण व्हायचे आणि भरतीची वाट पाहायची, हा रांझीतल्या दोन-तीन पिढ्यांचा ठरलेला मार्ग होता. आयुध निर्माणीत उमेदवारी केलेल्यांना भरतीत प्राधान्य देण्याची प्रथाही होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळ विसर्जित झाले आणि त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. सुमारे ७० हजार कर्मचाऱ्यांना मानीव प्रतिनियुक्तीवर या कंपन्यांकडे पाठवण्यात आले. त्यांच्या सेवाशर्तींचे काय होणार यावर कामगार संघटना आणि सरकार यांच्यात बरेच काही बोलले गेले, लिहिले गेले, न्यायालयांतही गेले. जे अद्याप नोकरीत लागलेलेच नव्हते, त्यांच्याविषयी कोणी फारसे बोलले नाही. त्यांना संघटना नसते.

या विभाजनाचा एक परिणाम दिल्लीतून सहसा लक्षात येत नाही. जबलपूरचे चार कारखाने चार वेगवेगळ्या कंपन्यांकडे गेले. खमरियाचा कारभार पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे, वाहन निर्माणीचा चेन्नईजवळच्या आवडी येथील आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे, गन कॅरेज फॅक्टरीचा कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंटकडे आणि फाउंड्रीचा नागपूरच्या यंत्र इंडियाकडे. पूर्वी कोलकात्याचे एक मुख्यालय होते, आता चार मुख्यालये आणि चार भरतीधोरणे आहेत. एका वस्तीत राहणाऱ्या, एकाच आयटीआयत शिकलेल्या दोन मुलांपैकी एकाने उमेदवारी खमरियात केली आणि दुसऱ्याने वाहन निर्माणीत, तर त्यांच्या भवितव्याचा निर्णय आता दोन निरनिराळ्या राज्यांतल्या संचालक मंडळांच्या हाती आहे. त्यांपैकी एकाही मंडळाला रांझी म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

आणि भरती निघते ती कशी? दारूगोळ्याच्या कारखान्यांत 'डेंजर बिल्डिंग वर्कर' नावाचा एक वर्ग असतो. स्फोटके हाताळणाऱ्या इमारतीत काम करणारा हा कामगार. म्युनिशन्स इंडियाच्या कारखान्यांनी अलीकडच्या वर्षांत या पदांसाठी ज्या जाहिराती दिल्या, त्यांत जुन्या आयुध निर्माणीतील शिकाऊ उमेदवारांना स्थान आहे. म्हणजे प्राधान्याची प्रथा मोडली असे म्हणता येणार नाही. नोकरी मात्र मुदतीची झाली. करार एक वर्षाचा, वाढवत नेला तर जास्तीत जास्त चार वर्षांचा. जून २०२२ मध्ये सैन्यभरतीसाठी अग्निपथ योजना आली तेव्हा चार वर्षे आणि त्यानंतर पंचवीस टक्क्यांना कायम सेवा, या सूत्रावर देशभर काहूर उठले. जबलपूर हे तर ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटांच्या प्रशिक्षण केंद्रांचे शहर. येथील सामान्य घरातल्या मुलापुढे सरकारी नोकरीची दोन मोठी दारे होती, छावणीचे आणि कारखान्याचे. दोन्ही दारांवर आता चार वर्षांची पाटी लागली आहे. फरक इतकाच की छावणीच्या दारावरच्या पाटीची चर्चा संसदेत झाली.

हे काम जोखमीचे आहे, हे सांगण्यासाठी फार मागे जावे लागत नाही. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी खमरियात स्फोट झाला आणि दोन कामगार मृत्युमुखी पडले. तीन महिन्यांनी, २४ जानेवारी २०२५ रोजी, भंडाऱ्याच्या जवाहरनगर कारखान्यातील स्फोटात किमान आठ जणांचा बळी गेला. स्फोटकांच्या कामात कौशल्य हे पुस्तकातून येत नाही, ते वर्षांनी येते. हात बसायला जेवढा काळ लागतो तेवढ्याच काळात त्या माणसाला निरोप देणारी व्यवस्था स्वस्त पडते की महाग, याचा हिशेब कंपनीच्या ताळेबंदात सापडणार नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? १९६१ च्या मूळ कायद्यातील कलम २२ ने मालकाला मोकळे ठेवले होते. उमेदवारी संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही आणि नोकरी स्वीकारणे उमेदवारावर बंधनकारक नाही, अशी त्याची रचना होती. १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात थोडी माणुसकी आणली. बाकी पात्रता समान असेल तर सरळ भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावे, सेवायोजन कार्यालयामार्फत नाव येण्याचा आग्रह धरू नये आणि वयाच्या अटीत नियमांनुसार सूट द्यावी, असे न्यायालयाने म्हटले. २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि कलम २२ चे शब्द बदलले. प्रत्येक मालकाने आपल्या आस्थापनेत उमेदवारी पूर्ण केलेल्यांच्या भरतीसाठी स्वतःचे धोरण आखावे, असे आता कायदा सांगतो. धोरणात काय असावे, ते केव्हापर्यंत आखावे, ते जाहीर करावे की नाही, याबद्दल कलम मौन बाळगते. सभागृहात विधेयक संमत होताना या मौनाकडे कोणाचे लक्ष गेले नाही असे नाही. उद्योगांना अधिक मुभा देणे हाच त्या दुरुस्तीचा एकूण रोख होता.

रेल्वेने मात्र धोरण आखले आणि त्याला आकडा दिला. आपल्या आस्थापनांत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी पहिल्या स्तरावरील पदांच्या सरळ भरतीत वीस टक्के जागा राखल्या. हा आकडा उमेदवारांना अपुरा वाटला. २० मार्च २०१८ रोजी ऐन सकाळी माटुंगा आणि दादर यांच्यामध्ये शेकडो तरुण रुळांवर बसले आणि मुंबईची लोकल काही तास ठप्प झाली. त्या दिवशी कामावर जाऊ न शकलेल्या मुंबईकरांनी त्यांना शिव्याशाप दिले, हेही खरे. पण त्या तरुणांपुढे भांडण्यासाठी निदान एक आकडा होता. वीस टक्के कमी आहेत, वाढवा, असे ते म्हणू शकत होते. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय जबलपुरातच आहे. एकाच शहरात रेल्वेचा शिकाऊ उमेदवार एक निश्चित वाटा सांगू शकतो आणि संरक्षण कंपन्यांचा शिकाऊ उमेदवार जाहिरातीची वाट पाहत बसतो. दोन्ही ठिकाणी मालक एकच आहे, भारत सरकार.

याच विरोधाभासाकडे धोरणकर्त्यांनी पाहायला हवे. खासगी उद्योगाने शिकाऊ उमेदवारांना सामावून घ्यावे यासाठी केंद्र सरकार तिजोरी मोकळी करत आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, कमाल दीड हजार रुपये, केंद्राने उचलला. २०२५ मध्ये रोजगार वाढीसाठी ९९ हजार ४४६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, त्यात नवी पदे निर्माण करणाऱ्या मालकाला दरमहा तीन हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन आहे. एक हजार आयटीआय सुधारण्यासाठी ६० हजार कोटी रुपयांचा आराखडा त्याच वर्षी मंजूर झाला. दुसऱ्याच्या कारखान्यात नोकऱ्या निर्माण व्हाव्यात म्हणून एवढा खर्च करणारे सरकार स्वतःच्या संपूर्ण मालकीच्या कंपन्यांकडून भरतीचे एक पानी धोरण का मागून घेत नाही?

देशातील अव्वल पाचशे कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना अनुभव देणारी प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना हे ताजे उदाहरण आहे. पहिल्या फेरीत १ लाख २७ हजारांवर संधी जाहीर झाल्या. ८२ हजारांवर प्रस्ताव तरुणांपर्यंत गेले, स्वीकारले सुमारे २८ हजारांनी आणि प्रत्यक्षात रुजू झाले नऊ हजारांहून कमी. हे आकडे सरकारनेच संसदेत दिले. दरमहा पाच हजार रुपयांत परक्या शहरात एक वर्ष काढायचे आणि वर्षानंतर काय, हे कोणी सांगत नाही. तेव्हा गरीब घरातला मुलगा घरीच राहतो. तरुणांना काम नको आहे, असा निष्कर्ष त्यातून काढणाऱ्यांनी एकदा खोलीभाडे आणि खानावळ यांची बेरीज करून पाहावी.

रांझीतही तेच गणित आहे. २०१९ च्या नियमांनी आयटीआय प्रमाणपत्रधारकाचे किमान विद्यावेतन दरमहा सात हजार रुपये ठरवले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढ सुचवली, म्हणजे मधल्या सहा वर्षांची महागाई उमेदवाराने सोसली. कारखान्याच्या वसाहतीत वडिलांचे घर असलेल्या मुलाला सात हजारांत भागवता येते. मंडला किंवा दिंडोरीहून आलेल्या आदिवासी मुलाला, कुंडमच्या शेतमजुराच्या मुलीला ते जमत नाही. कमी विद्यावेतनाची ही चाळणी असते. ती गरिबांना वगळते आणि वगळल्याची नोंदही होत नाही, कारण त्यांनी अर्जच केलेला नसतो. त्यातून कायद्याच्या कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हेच. सुरक्षा, आरोग्य आणि अपघाताची भरपाई यापुरते संरक्षण त्याला आहे, किमान वेतनाचे नाही.

जबलपूरच्या इतिहासात प्रशिक्षणाचा एक जुना, विचित्र प्रयोग नोंदलेला आहे. ठगांचा बंदोबस्त केल्यानंतर माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी १८३७-३८ च्या सुमारास येथे उद्योगशाळा काढण्यात आली. तेथे तंबू आणि गालिचे विणले जात. ती कैदच होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण शिकवायचे, काम द्यायचे आणि तयार मालाला गिऱ्हाईक शोधायचे, ही तिन्ही जबाबदारी एकाच यंत्रणेची असल्याचे कर्नल स्लीमनच्या काळातील प्रशासनाला कळत होते. आज शिकवणारे मंत्रालय वेगळे, काम देणारे वेगळे आणि मालाची मागणी नोंदवणारे तिसरेच.

मागणीचा मुद्दा कंपन्यांच्या बाजूनेही विचारात घ्यायला हवा. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात सैन्याची साधी मालवाहू वाहने खुल्या बाजारातून घेता येण्याजोगी ठरवली गेली आणि स्टॅलियनसारख्या गाड्या जुळवणाऱ्या वाहन निर्माणीच्या पायाखालची वाळू सरकली. उद्याच्या कामाची शाश्वती नसलेल्या व्यवस्थापनाने तीस वर्षांची नोकरी कशी द्यावी, हा आक्षेप खोटा नाही. सगळ्या शिकाऊ उमेदवारांना सामावून घ्या, अशी मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. २०१९ च्या नियमांप्रमाणे आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. ते सर्व दरवर्षी कायम करायचे म्हटले तर कारखाने भरून वाहतील. प्राधान्यामुळे बाहेरच्या गुणवंतावर अन्याय होतो, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर १९९५ च्या निकालातच आहे, प्राधान्य द्यायचे ते पात्रता समान असेल तेव्हा. खरी धास्ती वेगळीच आहे. प्राधान्य म्हणजे कामगारांच्या मुलांची वंशपरंपरागत गादी होऊ नये. त्यासाठी उमेदवारीच्या प्रवेशातच गरीब आणि दुर्गम भागातील मुलांना जागा आणि राहण्याची सोय द्यावी लागेल. वसाहतींतील रिकामी घरे त्यासाठी वापरता येतील का, याचा विचार व्हायला हरकत नाही.

हक्क आणि योजना यांतला फरक महाराष्ट्राला शिकवावा लागू नये. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९७० च्या दशकात रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि मागेल त्याला काम हे सरकारचे दायित्व ठरले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तीच वाट देशाला दाखवली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला, त्यावरचा वाद वेगळा. पण हमी ग्रामीण भागापुरती होती आणि अंगमेहनतीपुरती होती. शहरातल्या शिकलेल्या हातांसाठी महाराष्ट्रानेही हमी दिली नाही. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला सहा हजार, आयटीआय आणि पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन देऊन सहा महिने कामावर घेतले गेले. मुदत संपत आली तेव्हा ती पाच महिन्यांनी वाढवली. ती संपल्यावर प्रशिक्षणार्थी कायम करण्याच्या मागणीसाठी रस्त्यावर आले. मध्य प्रदेशची २०२३ ची 'सीखो-कमाओ' योजना विद्यावेतनाच्या बाबतीत थोडी उदार आहे, आठ ते दहा हजार. नंतर काय, या प्रश्नावर दोन्ही राज्ये सारखीच गप्प आहेत. दोन्ही योजनांची सुरुवात विधानसभा निवडणुकीच्या वर्षातली, हे केवळ योगायोगाने घडले असे मानण्याइतके भोळे राजधानीत कोणी नाही.

करता येण्याजोगे बरेच आहे आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. संरक्षण उत्पादन विभागाने सातही कंपन्यांकडून कलम २२ खालील धोरण लेखी मागवावे आणि त्यात नियमित पदांचा किती वाटा प्रशिक्षित उमेदवारांसाठी राहील याची टक्केवारी असावी. जबलपूरसारख्या शहरात, जेथे चार कंपन्यांचे कारखाने शेजारी शेजारी आहेत, तेथे एक सामाईक प्रतीक्षासूची करावी, म्हणजे खमरियात काम नसेल तेव्हा वाहन निर्माणीत उमेदवाराचा विचार होईल. चार वर्षे स्फोटकांच्या इमारतीत काढलेल्यांची सेवा नियमित भरतीत गुणांकनासाठी धरावी. विद्यावेतन राज्याच्या किमान वेतनाशी जोडावे, म्हणजे ते सहा-सहा वर्षे गोठून राहणार नाही. यातला शेवटचा मुद्दा अर्थ मंत्रालयाला रुचणार नाही, पहिले तीन मात्र केवळ इच्छेचे आहेत.

जबलपूरने तरुणांचा असंतोष संसदेत पोचवल्याचा एक दाखला आहे. शेठ गोविंददास यांच्या निधनानंतर १९७४ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत याच शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला, तिशीही न ओलांडलेला एक विद्यार्थी नेता, शरद यादव, विरोधकांचा संयुक्त उमेदवार म्हणून निवडून आला. काँग्रेसचा पिढ्यान्पिढ्यांचा गड तेव्हा ढासळला. तसे वादळ आज तेथे दिसत नाही. तेथील मुले पोलीस भरतीच्या धावण्याच्या सरावात, स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांत आणि रिछाईतल्या कार्यशाळांत विखुरली आहेत. विखुरलेल्यांचा दबाव कोणत्याही पक्षाला जाणवत नाही, म्हणून त्यांचा प्रश्न विचारण्याचे काम खासदारांवरच येऊन पडते.

तो प्रश्न एका ओळीचा आहे. १ ऑक्टोबर २०२१ नंतर जबलपूरच्या चार कारखान्यांत किती जणांनी उमेदवारी पूर्ण केली, त्यांपैकी किती जण नियमित सेवेत आहेत, किती मुदतीच्या करारावर आहेत आणि प्रत्येक कंपनीचे कलम २२ खालील धोरण सभागृहाच्या पटलावर केव्हा ठेवले जाईल? जबलपूरच्या, नागपूरच्या, भंडाऱ्याच्या किंवा पुण्याच्या कोणत्याही सदस्याला तो विचारता येईल. तारांकित प्रश्नांची सोडत निघते, तीत तो निघालाच तर मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागेल आणि पूरक प्रश्नही ऐकावे लागतील.